टिकल्यांची गाडी

आमच्या ओसरीत सोफा नाही. तिथे एका जुन्या मोटारीची मागची सीट आहे, पट्ट्यांसकट. घरी नवं कुणी आलं की आधी सीटकडे बघतं, मग आमच्याकडे. आई तिच्यावर ऐसपैस मांडी घालून शेंगा निवडत बसलेली असते. ती म्हणते, "बसा की पावणं. हितनं कुठं पळत न्हाय ती."

सीट पळत नाही हे खरंच. गाडी मात्र पळावी म्हणून ती तिच्यातून काढली होती, वजन कमी करायला. हा उद्योग माझ्या भावाचा.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरामागे, दार उघडं असलं की ओसरीतून सरळ दिसणारं परडं आहे. बोळातून एक छोटी गाडी अंग चोरून आत येईल एवढीच वाट. तिथे वडिलांच्या मागे राहिलेली त्यांची पांढरी, आठशे सीसीची गाडी उभी असायची. लग्नकार्य, दवाखाना आणि वर्षातून एकदा जोतिबा, एवढाच तिचा संसार. भाऊ कागलच्या एका कारखान्यात नोकरीला होता. एकदा गगनबावड्याकडून येताना त्याला दारांवर आकडे चिकटवलेल्या गाड्यांची रांग दिसली. हौशी लोकांची रॅली होती. घरी आला तो ते खूळ डोक्यात घेऊनच.

या रॅलीत सगळ्यात जोरात जाणारा जिंकत नाही, हे मला त्यानेच समजावलं. कुठल्या टप्प्यात किती वेगाने जायचं ते ठरवून देतात. चढ, वळणं, म्हशी, उसाच्या ट्रॉल्या सगळं सांभाळत बरोबर त्या वेळेला पोचायचं. उशीर झाला तर गुण जातात, लवकर पोचलं तरी जातात. मी म्हटलं, कोल्हापूरच्या माणसाला जोरात जा म्हण, हळू जा म्हण, पण वेळेवर जा म्हणू नकोस. तो म्हणाला, "बारके, तू भूगोल शिकवतीस आणि घरला येताना गल्ली चुकतीस. तू गप."

मग गाडी उकलायला सुरुवात झाली. मागची सीट गेली. पायाखालची जाजमं गेली, छताचं अस्तर गेलं, टेप गेला, मान हलवणारा प्लास्टिकचा कुत्रा गेला. डॅशबोर्डावरची अंबाबाई तेवढी राहिली. तिचं वजन धरत नाहीत, असं तो म्हणाला. कडक स्प्रिंगा घालून गाडी उंच केली. इंजिनाला दगड लागू नये म्हणून खालून जाड पत्रा बसवला. पुढे दोन मोठे दिवे आले. रविवारी दुपारी सगळी पेठ जेवून आडवी झालेली असायची, लिंबाची सावली परड्यात हळूहळू सरकायची, आणि गाडीखालून भावाचे नुसते पाय दिसायचे. मी ओसरीतल्या सीटवर वह्या तपासता तपासता पेंगायची. पान्याचा टक टक आवाज झोपेत माझ्याबरोबर यायचा. इतकी शांत झोप मला नंतर कधी लागली नाही.

त्याची काम करायची एक रीत होती. कारखान्यात नट पुरता आवळला की त्यावर रंगाची रेघ मारतात म्हणे, म्हणजे कुठला झाला आणि कुठला राहिला ते कळतं. घरात रंग नव्हता. वहिनीच्या आरशावर मात्र टिकल्या होत्या. बायका रात्री कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवतात आणि तिथेच विसरतात. वहिनीच्या आरशाच्या कोपऱ्यात मरून रंगाच्या मखमली टिकल्यांची दाटी झालेली असायची. भाऊ त्यांतली एक उचलायचा, नट पेट्रोलने पुसायचा, टिकलीला मागून पंक्चरचं सोल्यूशन लावायचा आणि अंगठ्याने दाबून धरायचा. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर.

"अशी अर्धी का?" मी विचारलं होतं.

"नट जरा जरी फिरला तर टिकली फाटंल. हलली तर कळंल."

वहिनी आरशासमोर उभी राहून ओरडायची, "अहो, माझ्या टिकल्या कुठं गेल्या?" तो गाडीखालून ओरडायचा, "डाव्या चाकाला!" आई ओसरीत हसायची. त्या हसण्यासाठी मी आजही काय वाटेल ते देईन.

त्या साथीच्या उन्हाळ्यात भाऊ गेला. ताप आला म्हणून दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. त्यावर मला लिहिता येत नाही. गाडीवर ताडपत्री टाकली, दगड ठेवले, आणि परड्याकडचं दार आम्ही फारसं उघडेनासे झालो.

वहिनी निपाणीकडची. सासूला ती आत्ती म्हणते. मला रागात असली तर नावाने हाक मारते आणि लाडात असली की वन्सं म्हणते, जगाच्या बरोबर उलटं. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. भाऊ गेल्यावर महिन्याभरात ती पुन्हा कामाला जायला लागली. केस नीट बांधायची, साडीच्या निऱ्या नीट असायच्या. कपाळ तेवढं मोकळं.

टिकली लावू नको असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. आई तर त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. पण वडील गेल्यापासून आईचंही कपाळ मोकळंच होतं, आणि घरात एक कपाळ तसं असलं की दुसऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मला याचा भयंकर राग यायचा. अजून येतो. मी एकदा टिकल्यांचं नवं पाकीट आणून वहिनीच्या आरशाजवळ ठेवलं. ते तिने कपाटात ठेवून दिलं. आरशावर एकही टिकली उरली नव्हती. तिच्या सगळ्या टिकल्या गाडीवर होत्या.

मग एका रविवारी दुपारी ताडपत्रीचा आवाज आला. मी परड्यात गेले तर वहिनी एकटी दगड बाजूला करत होती. ताडपत्री खाली पडली आणि धुळीचा लोट उन्हात बराच वेळ तरंगत राहिला. आत गाडी होती तशीच होती. त्याचा पाना सुद्धा बॉनेटवर होता. वहिनीने वाकून, चवड्यावर बसून एकेक टिकली बघितली. एकही फाटली नव्हती.

"गाडी पुरी करायची," ती म्हणाली. "मी चालवणार. तुम्ही शेजारी बसून रस्ता सांगायचा."

"मी? मी गल्ली चुकते."

"चुकू दे की. पण एक ध्यानात ठेवा वन्सं. टिकली हाय तिथं पाना लावायचा न्हाय. त्यांनी घट्ट केलंय ते घट्ट हाय."

गाडी चालवायला तिला भावानेच शिकवलं होतं आणि ती त्याच्याहून बरी चालवायची, हे तो सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्या गाडीत घातले. भाऊ कुठपर्यंत आला होता ते टिकल्यांवरून कळत होतं, तिथून पुढे आम्ही. अवघड कामं गॅरेजवाल्याकडून करून घेतली, पण त्यालाही वहिनीने टिकल्यांना हात लावू दिला नाही. तो बिचारा गाडीखालून येऊन म्हणायचा, "ताई, हे पण एकदा बघून घेऊ का?" ती म्हणायची, "नको." त्याने ते सोडून दिलं. आमच्याकडे काही वेडं दिसलं तर माणसं आधी हसतात, मग त्याला मान देतात.

ते दिवस मला सलग आठवत नाहीत. ग्रीसचा वास, हातावरचा न निघणारा काळेपणा, वहिनीच्या दंडावर पडलेलं उन्हाचं नक्षीकाम, असं तुकड्या-तुकड्यानं येतं. कधी कधी गाडीखाली वहिनी असायची आणि अर्ध्या झोपेत मला भावाचे पाय दिसायचे. मी हाक मारत नसे. हाक मारली तर वहिनी बाहेर येईल, एवढं मला झोपेतही कळायचं.

आई ओसरीतल्या सीटवर बसून राहायची. कधी परड्यात आली नाही, बरं-वाईट बोलली नाही. चहा मात्र दाराच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची.

रॅलीचा दिवस ठरला. दिवाळी होऊन गेली होती, हवा थंड झाली होती. आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कागदपत्रं दाखवायला आणि दारावर चिकटवायचा आकडा आणायला गेलो. परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. परड्याचं दार उघडं होतं आणि गाडी लख्ख धुतलेली. काचेवर स्वस्तिक, बॉनेटवर हळदीकुंकू. आई नळावर हात धूत होती. तिच्या लुगड्याची पाठ मातीने आणि काळ्या ऑइलने भरली होती. ती पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली गेली होती, या वयात.

वहिनीच्या आधी माझ्या लक्षात आलं. बॉनेट उघडं होतं आणि आतल्या नटांवर टिकल्या नव्हत्या. मी खाली वाकले. तिथेही नव्हत्या.

"आई, टिकल्या कुठायत?"

"काढल्या."

"काढल्या? का?"

"उद्या परवासाला निघाल्याली गाडी. नारळ फोडताना गल्ली गोळा हुणार. गेल्याल्या माणसाच्या बायकूच्या टिकल्या नटाबोल्टाला बघून काय म्हंतील? माझी पोर घाटात जाणार हाय, तिला कुणाचं वंगाळ बोलणं लागाय नको."

मी खूप ओरडले. गल्ली गेली खड्ड्यात म्हणाले. तुझं जग कुठल्या काळात राहिलंय म्हणाले. आईने हात पुसले. ती ओरडली नाही.

"मी माझं कुकू पुसलं, तवा मला कुणी इचारलं न्हवतं," ती म्हणाली आणि आत गेली.

वहिनी गाडीजवळ उभी होती. त्या टिकल्यांच्या भरवशावर ती उद्या घाट चढणार होती, आणि त्या नटांना पाना लावायचा नाही हा तिचा एकच नियम होता. आता नट हलला की नाही हे सांगणारी खूणच उरली नव्हती, तेव्हा तो पाळणं शक्य नव्हतं. भाऊ गेल्यानंतर त्याच्या हातचं जसंच्या तसं राहिलेलं जगात तेवढंच होतं, आणि ते तिला स्वतःच्या हाताने मोडायला लागणार होतं. तिने पदर खोचला.

"पाना द्या. सगळं परत बघाय लागंल."

मी दिवा धरला. टिकली निघाली होती तिथे पत्र्यावर गोल स्वच्छ खूण राहिली होती, त्यावरून कळत होतं कुठला नट त्याचा. वहिनीने पहिल्या नटाला पाना लावला. क्षणभर डोळे मिटले आणि जोर दिला. नट हलला नाही. दुसऱ्याला लावला. हलला नाही. ती पुढच्या सीटखालच्या नटांकडे वळली, मग दिव्यांच्या, मग पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली गेली. मला नुसते तिचे पाय दिसत होते आणि पान्यावर जोर देताना निघणारा तिचा श्वास ऐकू येत होता.

"हलंना वन्सं," ती खालून म्हणाली. जरा वेळाने हसली. "ह्यो बी हलंना. माणूस हाय का कोण! आवळलंय की वेल्डिंग केलंय!"

मी पण हसले. मग खालचं हसणं थांबलं.

"एक बी हलंना गं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. तो गेला त्या दिवसापासून मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. मी दिवा धरून तिथेच मातीत बसले आणि मीही रडून घेतलं. ओसरीत सीटची स्प्रिंग कुरकुरली. आई तिथेच होती, सगळं ऐकत.

जेवायच्या आधी आईचं लुगडं भिजत घालावं म्हणून मी तिच्या खोलीत गेले. राग होताच, पण लुगडं तसंच ठेवलं असतं तर डाग निघाला नसता. तिच्या लोखंडी कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. त्या दाराला आतून आरसा आहे. त्या आरशात आई कधी बघत नाही. वेणी ती सवयीने घालते. आरशावर खालपासून वरपर्यंत मरून टिकल्या लावलेल्या होत्या. काहींच्या कडा ऑइलने काळ्या झालेल्या, पण फाटलेली एकही नव्हती. नखाने, तेल लावून लावून तिने त्या सोडवल्या असणार. खाली तिचा जुना पितळी करंडा उघडा होता. कुंकवाखाली लावायचं मेण त्यात अजून होतं. मेणाने तिने एकेक टिकली आरशाला बसवली होती. मला वाटलं होतं, तिने त्या फेकल्या. मी कपाटाचं दार हळूच होतं तसं लोटलं आणि लुगडं घेऊन बाहेर आले.

सकाळी बोळात गल्ली गोळा झाली होती. शेजारचे काका मागे मागे हात करत गाडी बाहेर काढून देत होते आणि त्याची अजिबात गरज नव्हती. गाडी बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. आई ताट घेऊन आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मग वहिनीच्या खिडकीशी आली.

"घट्ट हाय न्हवं समदं?"

"हाय, आत्ती. एक बी हलला न्हाय."

आईने ताट माझ्याकडे दिलं. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर एक टिकली होती, मेण लावलेली. मला वाटलं, गाडीला लावते. वहिनीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने दार उघडायला हात नेला. आईने खिडकीतून हात आत घातला, वहिनीची हनुवटी धरली आणि ती टिकली तिच्या कपाळावर लावली. अंगठ्याने दाबून धरली. बराच वेळ. भाऊ नटावर धरायचा तितका वेळ. गल्ली बघत होती. कुणी काही म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर मी ताट खाली ठेवलं असतं.

"जा आता," आई म्हणाली. "हलली तर कळंल मला."

भावाचं वाक्य तिला कसं ठाऊक, हे मला आधी कळेना. मग ओसरीतली सीट आठवली. ते सगळे रविवार ती तिथेच तर बसली होती.

कळे गावाच्या पुढे धुकं इतकं होतं की ऊस दिसत नव्हता, नुसता त्याचा वास येत होता. कुठल्या तरी गुऱ्हाळाचा धूर धुक्यात मिसळला होता. मागची सीट नसलेल्या, अस्तर नसलेल्या त्या गाडीत प्रत्येक खड्ड्याचा आवाज घुमायचा. मी कागदावरून वळणं वाचत होते, वहिनी वेगाचा काटा एका जागी धरून होती. फार जोरात नाही, फार हळू नाही. तेवढ्याच चालीने आम्ही साळवण मागे टाकलं, घाटाकडे लागलो. मला वाटत होतं हा रस्ता संपू नये. गाडीच्या मागच्या मोकळ्या जागेत कुणी तरी पाय पसरून बसलंय, असं मला सारखं वाटत होतं, आणि मी मुद्दाम मागे बघितलं नाही.

"ह्याला सोल्यूशनचा वास येतोय," वहिनी कपाळाला हात न लावता म्हणाली.

मला काही वास आला नाही. पण मी हो म्हणाले.

गगनबावड्याच्या अलीकडे मी एक फाटा चुकवला. गुण गेले. वहिनीने मला नावाने हाक मारली, एकदाच, आणि गाडी वळवली. आमचा नंबर कुठे तरी मधे आला. बक्षीस मिळालं नाही. चहा आणि वडापाव मिळाला.

संध्याकाळी बोळात शिरलो तेव्हा आई दारातच उभी होती. गाडीची काच चिखलाने भरली होती, एक दिवा वाकडा झाला होता. शेजारच्या काकांनी कितवा नंबर म्हणून विचारलं. आईने नंबर विचारला नाही. गाडीकडेही बघितलं नाही. वहिनी उतरल्यावर तिला उजेडाकडे वळवलं आणि तिच्या कपाळावरची टिकली जवळून, नीट बघितली.

"हाय की जाग्यावर," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.